कॅनडाचें दार: तिकीट आणि गुणपत्रक

आपल्या परिचयाच्या एखाद्या घरीं मुलगा किंवा मुलगी कायमच्या वास्तव्यासाठीं कॅनडाला जाण्याच्या तयारींत असेल, तर त्या घरांत एक चमत्कारिक हिशेब चाललेला आपणांस आढळेल. वय किती आणि त्याचे गुण किती. पदवी कोणती आणि तिचे गुण किती. इंग्रजी कसें येतें, फ्रेंच येतें कीं नाहीं, नोकरीचा अनुभव किती वर्षांचा. परीक्षांतून मूल एकदांचें सुटलें असें वाटत असतां पुन्हां हा गुणांचा जाच कोठून आला, असें वडील माणसांच्या मनांत येतें. तिशीचा वाढदिवस आला तर आनंदाबरोबर हळहळही होते. कारण त्या दिवशीं कांहीं गुण कमी झालेले असतात.

या गुणपत्रकाला इतिहास आहे, आणि तो आपल्या लोकांच्या इतिहासाशीं फार जवळून निगडित आहे. परक्या माणसाला देशांत घ्यावयाचें कीं नाहीं हें गुण मोजून ठरविण्याची पद्धत जगांत प्रथम कॅनडानें १९६७ सालीं सुरू केली. पण त्याच कॅनडानें त्यापूर्वीं साठ वर्षें आधीं हिंदुस्थानी माणसाकडे एक तिकीट मागितलें होतें. आणि तें तिकीट असें होतें कीं, तें त्याला कोठेंही विकत मिळत नव्हतें. त्या तिकिटापासून या गुणपत्रकापर्यंतची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटिश कोलंबिया हा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रांत म्हणजे अरण्यांचा, खाणींचा आणि नव्या रेल्वेचा मुलूख होता. काम अफाट आणि माणसें थोडीं. १९०३-०४ च्या सुमारास हाँगकाँगच्या वाटेनें पंजाबी लोक व्हँकुव्हर बंदरांत उतरूं लागले. त्यांत ब्रिटिश फौजेंत चाकरी केलेले शिपाई होते, हाँगकाँग-शांघायकडे पोलीस किंवा पहारेकरी म्हणून राहिलेले होते, आणि लहानशा शेतावर सर्वांचें भागत नाहीं म्हणून घराबाहेर पडलेले शेतकऱ्यांचे मुलगेही होते. लांकूड कापण्याच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कामावर त्यांना रोजगार मिळाला. १९०८ पर्यंत त्यांची संख्या पांच हजारांच्या आसपास गेली.

पांच हजार माणसें म्हणजे कांहीं महापूर नव्हे. पण किनाऱ्यावरील गोऱ्या समाजाच्या भीतीला तेवढें कारण पुरेसें झालें. १९०७ सालीं प्रांताच्या विधिमंडळानें हिंदुस्थानी लोकांचा मताधिकार काढून घेतला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत व्हँकुव्हरमध्यें जमावानें चिनी आणि जपानी वस्तीवर हल्ला केला. आशियाई लोकांना दार बंद करा, अशी एकच मागणी सरकारकडे होऊं लागली.

चिनी माणसासाठीं उपाय सरकारच्या हातीं होताच. १८८५ पासून त्याच्यावर डोईपट्टी होती; प्रथम पन्नास डॉलर, मग शंभर, आणि १९०३ च्या कायद्यानें पांचशें. जपान प्रबळ राष्ट्र, शिवाय इंग्लंडचें मित्र. तेव्हां त्याच्याशीं १९०८ सालीं सलोख्याची समजूत झाली कीं, आपल्या कामकऱ्यांची संख्या जपाननें स्वतःच वर्षाला चारशेंच्या आंत ठेवावी. हिंदुस्थानी माणसाची गोष्ट निराळी होती. तो ब्रिटिश बादशहाचा प्रजाजन. साम्राज्यांतील प्रजेला साम्राज्यांत कोठेंही जातां येतें, असें त्याला सांगण्यांत आलेलें. त्याला उघडपणें नांव घेऊन मना करावें, तर हिंदुस्थानांतील असंतोषाला आणखी एक कारण मिळणार. आणि तो काळ वंगभंगानंतरच्या चळवळीचा. ज्या १९०८ सालीं लोकमान्य टिळकांना मंडालेला धाडण्यांत आलें, त्याच वर्षाची ही गोष्ट आहे. या नाजुक प्रकरणीं लंडनच्या सरकारशीं बोलणें करण्यासाठीं कॅनडाच्या मजूर खात्याचे मुख्य अधिकारी मॅकेंझी किंग यांची रवानगी झाली. हेच किंग पुढें दीर्घकाळ कॅनडाचे पंतप्रधान होते.

उपाय मोठा चतुर निघाला. जानेवारी १९०८ मध्यें मंत्रिमंडळानें एक हुकूम काढला. त्यांत हिंदुस्थान हा शब्द नाहीं, शीख हा शब्द नाहीं, वर्णाचा किंवा धर्माचा उल्लेख नाहीं. त्याचा आशय इतकाच कीं, जो इसम आपल्या जन्माच्या अगर नागरिकत्वाच्या देशाहून अखंड प्रवास करून, आणि तेथून निघण्यापूर्वीं काढलेल्या सरळ तिकिटावर आलेला नसेल, त्याला प्रवेश नाकारतां येईल. वाचणारास हा एखाद्या आगबोट कंपनीच्या वेळापत्रकांतला नियम वाटावा!

आतां याचें मर्म पाहा. मुंबईहून किंवा कलकत्त्याहून व्हँकुव्हरला जाणारा मनुष्य वाटेंत हाँगकाँगसारख्या बंदरांत बोट बदलीत असे. दोन्ही टप्प्यांचें मिळून एकच तिकीट देऊं शकेल अशी कंपनी होती ती कॅनेडियन पॅसिफिक; आणि हिंदुस्थानी लोकांना असें तिकीट विकूं नये, अशी सूचना तिला सरकारकडूनच मिळालेली होती. म्हणजे तिकीट आवश्यक तें हुकुमानें, आणि तें मिळण्याची वाट बंद तीही हुकूम देणाराच्याच इच्छेनें. त्याच वर्षीं दुसराही नियम झाला. येणाऱ्या आशियाई माणसाजवळ दोनशें डॉलर असले पाहिजेत. इतरांना पंचवीस डॉलर पुरत. चीन व जपान यांची व्यवस्था स्वतंत्र असल्यामुळें हा बोजा पडला तो मुख्यतः हिंदुस्थानी माणसावर.

या नियमांचा परिणाम दोन आंकड्यांवरून कळतो. १९०७-०८ च्या सरकारी वर्षांत २,६२३ हिंदुस्थानी कॅनडांत आले. पुढील वर्षीं आले सहा. युरोपांतून वाटेंत बोट बदलून येणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या प्रवासाचा अखंडपणा कोणी फारसा तपासला नाहीं. १९१३ या एकाच वर्षांत कॅनडानें बाहेरून आलेलीं चार लाखांवर माणसें सामावून घेतलीं. देशांत जागा नव्हती असें म्हणतां येणार नाहीं.

जे आधींच पोंचले होते, त्यांचीही कोंडी झाली. त्यांना आपलीं बायकामुलें आणतां येईनात, कारण त्यांनाही तेंच अखंड प्रवासाचें तिकीट हवें. १९१२ सालीं मोठ्या खटपटीनंतर दोन कुटुंबांना उतरूं दिलें, तेंही हक्क म्हणून नव्हे, केवळ मेहेरबानी म्हणून. कर्ता पुरुष गिरणीच्या बिऱ्हाडीं आणि संसार सात समुद्रांपलीकडे, अशी कित्येकांची वर्षें गेलीं.

तरीही लोक स्वस्थ बसले नाहींत. १९१३ च्या ऑक्टोबरांत पनामा मारू या आगबोटीनें छप्पन हिंदुस्थानी व्हिक्टोरिया बंदरांत आले. त्यांतील पुष्कळांना परत धाडण्याचा हुकूम झाला, तेव्हां प्रकरण न्यायालयांत गेलें. मुख्य न्यायाधीश हंटर यांनीं असा निर्णय दिला कीं, मंत्रिमंडळाच्या हुकुमाचे शब्द मूळ कायद्याच्या शब्दांशीं जुळत नाहींत, सबब ते हुकूम लागू होऊं शकत नाहींत. न्यायाचा हा विजय फार काळ टिकला नाहीं. सरकारनें हुकुमांची भाषा सुधारून ते पुन्हां काढले, आणि ब्रिटिश कोलंबियाच्या बंदरांत कामकरी वर्गाच्या लोकांनीं उतरूंच नये असा आणखी एक हुकूम जोडून दिला.

परंतु निकालाची वार्ता हाँगकाँगपर्यंत पोंचली होती. गुरुदित्तसिंग नांवाचे अमृतसर जिल्ह्यांतील एक गृहस्थ मलाया-सिंगापूरकडे कंत्राटाचा धंदा करीत. त्यांनीं कोमागाता मारू ही जपानी आगबोट भाड्यानें घेतली. ४ एप्रिल १९१४ रोजीं ती हाँगकाँगहून निघाली आणि शांघाय, मोजी व योकोहामा येथें उतारू घेत २३ मे रोजीं व्हँकुव्हरच्या खाडींत आली. उतारू ३७६ होते. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू.

बोट धक्क्याला लागूं दिली नाहीं. पूर्वीं कॅनडांत राहून परत आलेले सुमारें वीस उतारू आणि एका डॉक्टराचें कुटुंब एवढ्यांना काय ती उतरण्याची परवानगी मिळाली. बाकीच्यांना किनारा दिसत होता, शहरांतले दिवे दिसत होते, पण बोटीवरून पाय खालीं ठेवण्याची मुभा नव्हती. सरकारी धोरण चालढकलीचें होतें. चौकशी लांबवावी, अन्नपाणी संपेल, भाड्याचे हप्ते थकतील आणि बोट आपोआप परत फिरेल, असा हिशेब. शहरांतील हिंदुस्थानी लोकांनीं समिति नेमली, वर्गणी जमविली, भाड्याचे हप्ते भरले आणि वकील दिला. मुन्शीसिंग नांवाच्या एका तरुण शेतकऱ्याचें प्रकरण नमुन्यादाखल वरिष्ठ न्यायालयापुढें गेलें. ६ जुलै रोजीं पांचही न्यायाधीशांनीं एकमतानें सरकारच्या बाजूनें निकाल दिला. कॅनडाच्या पार्लमेंटला कोणालाही वगळण्याचा अधिकार आहे, मग तो साम्राज्याचा प्रजाजन कां असेना, हें त्यांतलें सार.

१९ जुलैच्या रात्रीं सी लायन नांवाची, जहाजें ओढणारी एक आगबोट सुमारें दीडशें शिपाई घेऊन कोमागाता मारूला भिडली. उतारूंनीं हाताला लागतील ते दगडी कोळसे आणि विटा फेकून त्यांना परतविलें. तेव्हां रेनबो ही युद्धनौका आणण्यांत आली. तोफा समोर आणि पोटांत अन्न नाहीं, अशा स्थितींत तडजोड झाली. परतीच्या वाटेपुरती शिधासामग्री सरकारनें दिली आणि २३ जुलै १९१४ रोजीं, बरोबर दोन महिन्यांनीं, बोट माघारीं फिरली.

ती समुद्रावर असतांच महायुद्ध पेटलें. सप्टेंबरच्या अखेरीस ती हुगळीच्या मुखांत शिरली, तेव्हां उतारूंना संशयित ठरवून कलकत्त्याऐवजीं बजबज येथें उतरविण्यांत आलें आणि आगगाडीनें थेट पंजाबांत जाण्याचा हुकूम झाला. त्यांनीं नकार दिला. २९ सप्टेंबर रोजीं तेथें गोळीबार झाला आणि सुमारें वीस उतारू मारले गेले. सहा महिन्यांपूर्वीं कामधंद्याच्या शोधांत निघालेल्या माणसांना मरण आलें तें आपल्याच देशांत पाऊल ठेवल्यावर.

या प्रकरणाचा परिणाम व्हँकुव्हरपुरता राहिला नाहीं. सॅन फ्रान्सिस्को येथें १९१३ सालीं सुरू झालेल्या गदर पत्राच्या चळवळीला त्यानें वणव्यासारखें पसरविलें. साम्राज्याची प्रजा म्हणून आपल्याला साम्राज्यांत किंमत किती, याचें उत्तर लोकांना मिळालें होतें. गदरच्या हांकेला ओ देऊन जे अमेरिकेहून हिंदुस्थानांत परतले, त्यांत पुणें जिल्ह्यांतील तळेगांव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे होते. १६ नोव्हेंबर १९१५ रोजीं लाहोरच्या तुरुंगांत कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर त्यांना फांशी देण्यांत आली. ज्या तरुणांना साम्राज्यानें दार लावलें, त्यांतूनच त्याचे कडवे शत्रु निर्माण झाले.

यानंतरचीं तीस वर्षें दार जवळजवळ बंदच होतें. १९१८ च्या साम्राज्य परिषदेंत ठरल्याप्रमाणें पुढील वर्षीं बायकांना व अज्ञान मुलांना येण्याची मोकळीक झाली, पण प्रत्यक्षांत फार थोडीं कुटुंबें आलीं. १९२२ सालीं नामदार श्रीनिवास शास्त्री यांनीं कॅनडांत दौरा करून तेथल्या हिंदुस्थानी लोकांना मताधिकार मिळावा म्हणून रदबदली केली. ब्रिटिश कोलंबियानें तो दिला १९४७ सालीं. अखंड प्रवासाचा नियमही त्याच वर्षीं गेला. परंतु त्याच वर्षाच्या १ मे रोजीं पंतप्रधान झालेल्या मॅकेंझी किंग यांनीं पार्लमेंटांत स्पष्ट सांगितलें कीं, कॅनडांत येणें हा परक्याचा मूलभूत हक्क नव्हे, आणि देशाच्या लोकसंख्येचें स्वरूप बदलेल अशी आवक लोकांना नको आहे. भारत स्वतंत्र झाल्यावर १९५१ सालीं करार होऊन वर्षाला १५० भारतीयांना घेण्याचें ठरलें. पुढें ही संख्या ३०० झाली. पस्तीस कोटींच्या राष्ट्रांतून दीडशें! तरीपण येथें संख्या उघड सांगितली गेली, एवढा फरक मानला पाहिजे.

खरा पालट झाला तो १९६२ मध्यें. मंत्री एलन फेअरक्लो या बाईंनीं नवे नियम करून, प्रवेश मागणाऱ्याचें शिक्षण व कसब पाहावें, वंश किंवा देश पाहूं नये, असें ठरविलें. नातलगांना बोलावून घेण्याच्या बाबतींत मात्र युरोपीय देशांना झुकतें माप राहिलें होतें. तेंही १ ऑक्टोबर १९६७ रोजीं अंमलांत आलेल्या गुणपद्धतीनें काढून टाकलें. तो मूळचा तक्ता पाहण्यासारखा आहे. एकूण गुण शंभर, उत्तीर्ण होण्यास पन्नास. शिक्षणाला २०, शाळा-कॉलेजांतील प्रत्येक वर्षाला एक याप्रमाणें. अधिकाऱ्यानें मुलाखतींत अजमावलेल्या व्यक्तिमत्त्वाला १५. धंद्याला कॅनडांत किती मागणी आहे याला १५, आणि धंद्यांतील कसबाला १०. वयाला १०, अठरा ते पस्तीस वर्षांच्या माणसास पूर्ण, पुढें दर वर्षाला एक वजा. आधींच ठरलेल्या नोकरीला १०, इंग्रजी-फ्रेंचच्या ज्ञानाला १०, कॅनडांत नातलग असल्यास ५, आणि ज्या भागांत जावयाचें तेथील रोजगाराला ५.

या तक्त्यानें इतिहास बदलला, यांत संशय नाहीं. लाहोरचा असो, मुंबईचा असो कीं लंडनचा, प्रत्येकाचा हिशेब एकाच कागदावर होऊं लागला. शिवाय तो कागद अर्जदाराला आधीं वाचतां येत होता. आपण कोठें कमी पडतों हें त्याला कळत होतें, आणि कमी असेल तें शिकून घेतांही येत होतें. मराठी अभियंते, डॉक्टर, शिक्षक टोरोंटोकडे जाऊन स्थायिक झाले ते मुख्यतः या दारानें. त्याच वर्षीं कॅनडानें अपिलासाठीं स्वतंत्र मंडळही स्थापिलें. १९१४ सालीं उतारूंना बोटीवर अडवून ठेवण्यांत एक हेतु हाच होता कीं, ते किनाऱ्यावर आले तर न्यायालयाचा दरवाजा ठोठावतील. पुढें १९८५ सालीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, देशांत आलेल्या आश्रयार्थीचें म्हणणें त्याच्या तोंडून नीट ऐकून घेतल्यावांचून त्याचा अर्ज निकालांत काढतां येणार नाहीं. तो खटला सिंग या नांवानेंच ओळखला जातो, आणि निकालाची तारीख होती ४ एप्रिल. एकाहत्तर वर्षांपूर्वीं त्याच तारखेस कोमागाता मारूनें हाँगकाँग सोडलें होतें.

पण श्रोतेहो, या तक्त्याचें कौतुक करतांना एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. मुन्शीसिंगासारखा एखादा शेतकरी, वय सव्वीस, शाळेचें तोंड न पाहिलेला, इंग्रजी न येणारा, १९६७ च्या तक्त्यांत बसवा. वयाचे दहा. कसबाचा एक. नातलग आहे म्हणून पांच, जावयाच्या भागांत रोजगार आहे म्हणून पांच. अधिकारी प्रसन्न होऊन व्यक्तिमत्त्वाचे पंधराचे पंधरा देईल असें धरलें, तरी बेरीज होते छत्तीस. उरलेले चौदा केवळ धंद्याच्या मागणींतून आले तरच तो आंत. आणि अंगमेहनतीच्या कामाला इतके गुण सहसा मिळावयाचे नाहींत. म्हणजे तिकिटानें अडविलेला मनुष्य गुणपत्रकानेंही बहुधा अडलाच असता.

यांत त्याचा दोष किती? १९११ च्या जनगणनेंत हिंदुस्थानांत शंभरांत सुमारें सहा माणसें साक्षर होतीं. त्याच वर्षीं नामदार गोखल्यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचें बिल वरिष्ठ कायदे कौन्सिलांत मांडलें, आणि पुढील वर्षीं तें सरकारी बहुमतानें फेटाळलें गेलें. ज्या साम्राज्यानें मुन्शीसिंगाला शाळा दिली नाहीं, त्याच साम्राज्याच्या एका घटकानें पुढें शाळेच्या प्रत्येक वर्षाला एक गुण ठेवला. गुणपत्रक वर्ण विचारीत नाहीं हें खरें. पण ज्या गोष्टी तें विचारतें, त्या कोणाला मिळाल्या आणि कोणाला मिळूं दिल्या नाहींत, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

आज ही पद्धत पुष्कळ देशांत गेली आहे. ऑस्ट्रेलियानें ती १९७९ सालीं घेतली, न्यूझीलंडनें १९९१ सालीं. कॅनडांत १९६७ सालीं पन्नास गुण मिळविणारा उत्तीर्ण होई. २०१५ पासून मात्र इच्छुकांची गुणानुक्रमें यादी लावून सरकार वरच्यांना बोलावतें. पूर्वीं परीक्षा होती, आतां ती चढाओढ झाली आहे. रेषा कोठें पडेल हें अर्ज करणाराला आधीं सांगतां येत नाहीं.

१८ मे २०१६ रोजीं कॅनडाच्या पंतप्रधानांनीं कोमागाता मारूच्या प्रकरणाबद्दल पार्लमेंटांत उभें राहून देशाच्या वतीनें क्षमा मागितली. ती ऐकण्यास त्या बोटीवरच्या माणसांचीं नातवंडें-पतवंडें होतीं. क्षमा मागणाऱ्या राष्ट्राचा मोठेपणा मानला पाहिजे. परंतु १९०८ चा धडा त्या क्षमेनें संपत नाहीं. कोणत्याही देशाच्या प्रवेश-नियमांत, आणि आपल्याही देशाच्या, कोणाचें नांव घेतलेलें नाहीं एवढ्यावरून तो नियम निष्पक्ष ठरत नाहीं. जें तिकीट मागितलें आहे तें खरोखर विकत मिळतें कीं नाहीं, हें पाहावें लागतें. आणि नकार मिळाल्यास तो कोणापुढें मांडतां येतो, हेंही.

ज्या घरांत आज गुणांची बेरीज चालली आहे, तेथील तरुणाला माझें इतकेंच सांगणें कीं, बेरीज अवश्य करावी आणि यशही मिळवावें. मात्र शिक्षणाच्या रकान्यांत वीस वर्षें लिहितांना, तीं वर्षें आपल्याला मिळावीं म्हणून मागील पिढ्यांनीं काय सोसलें हें आठवावें. आणि व्हँकुव्हरला विमान उतरेल तेव्हां खाडीकडे क्षणभर पाहावें. त्या पाण्यावर आपलीं माणसें दोन महिने उभीं होतीं.